वास्तू ऐकते म्हणून

मुलाच्या वहीत ‘मी माझ्या आईवर प्रेम करतो’ असं वाक्य दिसलं की यशोधराताईंचं लाल पेन थांबायचं. “आईवर काय करतोस ते? आई आवडते म्हण. प्रेम करायला ती काय सिनेमातली आहे?” असं त्या भर वर्गात विचारायच्या आणि पोरं खिदळायची. तळेगावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मराठी शिकवण्यात घातला. माणूस जे तोंडानं बोलत नाही ते त्याच्याकडून लिहून घेऊ नये, एवढंच त्यांचं व्याकरण. स्वभाव मात्र तापट. पोळी फुगली नाही तर पोळीवर चिडतील, निरांजन विझलं तर वाऱ्यावर. देवाचं सगळं वेळच्या वेळी, पण देवालासुद्धा एखादे दिवशी दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहणार नाहीत.

निवृत्त झाल्या आणि स्वस्थ बसण्याचा त्यांना कंटाळा आला. तेव्हाच डॉक्टर चिंतामणी लिमये यांचा फोन आला. डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. तळेगावच्याच एका इस्पितळाच्या संशोधन विभागात काम करत होते.

“बाई, तुम्ही मला दहावीला व्याकरणात काठावर पास केलं होतं. आता त्याची भरपाई करा,” डॉक्टर म्हणाले. “एक प्रश्नावली मराठीत आणायचीय.”

प्रश्नावली हृदयविकाराची. आपल्याला हा आजार होऊ शकतो, कशानं होतो, कसा टाळता येतो, याची जाण लोकांना किती आहे ते मोजायचं. मूळ इंग्रजी. ती मलय भाषेत कुणीतरी आणली होती आणि त्याचा लेख डॉक्टरांनी टेबलावर काचेखाली घालून ठेवल्यासारखा जपला होता. तसंच मराठीत करायचं.

“नुसतं भाषांतर नव्हे हं, बाई. ते खरं उतरलं हे सिद्ध करावं लागतं.”

सिद्ध करण्याची रीत अशी. एकानं मराठीत करायचं. ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून समितीनं ताडून बघायचं. मग गावात जाऊन माणसांना विचारायचं, आणि पंधरवड्यानं त्याच माणसांना तेच प्रश्न परत विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर प्रश्न भरवशाचा. नाही जुळली तर तो प्रश्न काढून टाकायचा.

यशोधराताईंना ही रीत आवडली. पण कामाला बसल्या आणि पहिल्याच ओळीला ठेचकाळल्या. प्रत्येक विधानापुढे चार उत्तरं होती: पूर्णपणे सहमत, सहमत, असहमत, पूर्णपणे असहमत.

“सहमत कोण म्हणतं रे?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं. “तुझी आई भाजीवालीला ‘मी या भावाशी असहमत आहे’ असं म्हणते का?”

“बाई, सगळ्या सरकारी कागदांत सहमतच असतं.”

“म्हणून तर सरकारी कागद कुणी वाचत नाही.”

त्यांनी ‘पटतं’ आणि ‘पटत नाही’ घातलं. समितीनं ते हलकं ठरवून परत पाठवलं. यशोधराताईंनी पुन्हा तेच लिहून दिलं. हे तीनदा झालं. शेवटी समिती थकली. ‘धोका’ या शब्दावरही असंच झालं. समितीला तो हवा होता. यशोधराताई म्हणाल्या, टीव्हीवरच्या हिंदी मालिकांनी धोक्याचा अर्थ पार नासवलाय, बायांना वाटेल काळीज कुणाबरोबर तरी पळून गेलं. तिथे ‘होण्याची शक्यता’ असं ठरलं. दर वेळी घरी आल्या की त्या देवासमोर बसून पुटपुटायच्या, “एवढ्याशा शब्दासाठी इतकं डोकं खावं लागतं, गजानना, आणि हे म्हणे शिकलेले.”

प्रश्नावलीचे दोन भाग होते. बराचसा भाग माहितीचा: तंबाखूनं काय होतं, मीठ किती खावं, छातीत कळ आली तर काय करावं. शेवटची तीन विधानं मात्र माणसाच्या स्वतःबद्दलची होती. ‘पुढच्या काही वर्षांत मला हृदयविकार होण्याची शक्यता आहे.’ ‘माझ्या वयाच्या इतरांपेक्षा मला तो होण्याची शक्यता जास्त आहे.’ ‘मला कधीतरी झटका येईल अशी मला काळजी वाटते.’

पटतं की पटत नाही?

यशोधराताईंच्या मते सगळी प्रश्नावली या तिघांसाठी होती. माहिती काय, सगळ्यांना असते. मोबाइलवर दिवसभर तेच येतं. पण ती माहिती प्रत्येकाला शेजाऱ्याबद्दल असते. स्वतःवर बोट ठेवलं की माणूस काय म्हणतो, ते खरं.

पवनानगरच्या पलीकडे धरणाच्या अंगाला एक वाडी आहे. गावात विचारायचं काम तिथे सुरू झालं. विचारणारी होती सविता, कामशेतची, समाजकार्य शिकलेली, बोलकी, कुणाच्याही घरात पाच मिनिटांत घरची होणारी. श्रावणाच्या झडीत ती घरोघर फिरली आणि पंधरवड्यानं पुन्हा फिरली.

आणि मग यशोधराताईंना डॉक्टरांचा फोन आला. त्या लोकलनं घरी परतत होत्या, गाडी बेगडेवाडीला थांबली होती.

“बाई, शेवटचे तीन प्रश्न गेले,” डॉक्टर म्हणाले.

“कुठे गेले?”

“काढावे लागतील. माहितीचे सगळे जुळतायत. हे तीन अजिबात नाहीत. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांनी ‘पटत नाही’ म्हटलंय, दुसऱ्या फेरीत त्यातल्याच निम्म्यांनी ‘पटतं’ म्हटलंय. माणसं तीच, प्रश्न तेच. संख्याशास्त्रवाल्या म्हणतात, भाषांतरात खोट आहे. लोकांना वाक्यच कळलेलं नाही.”

“‘मला हृदयविकार होण्याची शक्यता आहे’ यात न कळण्यासारखं काय आहे?”

“ते मला विचारू नका. मलयला जमलं, मावळला जमेना, एवढं खरं.”

हे वाक्य यशोधराताईंना फार लागलं. घरी येऊन त्यांनी जेवणाचं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. ते तीन प्रश्न गेले तर उरणार काय? मीठ किती खावं याची तोंडी परीक्षा. तिच्यावर नाव त्यांचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांकडून सवड मागून घेतली. “मी स्वतः जाऊन बघते. तोवर काढू नकोस.”

“बघून काय करणार?”

“ते बघितल्यावर सांगते.”

आधी त्यांनी सविताला धारेवर धरलं. “तू वाचताना काही गाळलंस का? ‘मला’ऐवजी ‘तुम्हाला’ म्हणालीस?”

“नाही हो मॅडम. अक्षर न् अक्षर वाचलं. दोन्ही वेळा.”

“मग दुसऱ्या वेळी वेगळं काय होतं?”

सवितानं आठवून पाहिलं. “काहीच नाही. पहिल्या वेळी पाऊस लागलेला, सगळे घरातच. दुसऱ्या वेळी उघडीप होती, बऱ्याच बाया भाताच्या खाचरात बेणणीला, तण काढत होत्या. बांधावरच बसून विचारलं. चहा मिळाला नाही तेवढाच फरक.”

यशोधराताई त्यावर नुसत्याच कुरकुरल्या. शब्दातच खोट असणार असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ‘शक्यता’ जड झाला असेल. ‘हृदयविकार’ पुस्तकी झाला असेल. रात्री झोपेपर्यंत त्या पर्याय जुळवत राहिल्या आणि एकही पर्याय त्यांना स्वतःलाच पटेना.

वाडीत त्या नंदाबाईंकडे गेल्या. नंदाबाई साठीच्या, अंगानं भरलेल्या, चार पावलं चालल्या की उंबऱ्यावर टेकायच्या. त्यांचे मालक महिपती आबा बाहेर पडवीत सुतळी वळत होते. घर स्वच्छ, शेणानं सारवलेलं, समोरच देवळीत देव.

“बसा बाई. चा टाकते,” नंदाबाई म्हणाल्या. सविता त्यांना आधीच मास्तरीणबाई आल्यात असं सांगून मोकळी झाली होती.

“चहा नंतर. आधी माझं एक वाक्य ऐका आणि त्याचा अर्थ सांगा.” यशोधराताईंनी पहिलं विधान वाचलं.

“कळलं की. मला हार्टाचा आजार हुईल का, आसं इचारताय.”

“बरोब्बर,” यशोधराताई म्हणाल्या. त्यांना एकदम बरं वाटलं. “मग पटतं का?”

“न्हाई.”

“अहो, पण तुम्ही मघाशी अंगणातून आत येईस्तोवर दोनदा थांबलात.”

“ते वजनानं. मला काय धाड भरलीया.”

“बांधावर तर तुम्ही सविताला ‘पटतं’ म्हणालात.”

नंदाबाईंनी पदर सारखा केला आणि देवळीकडे बघितलं. “ते बांधावरलं झालं.”

“बांधावर काय, घरात काय, छाती तीच ना?”

बाहेरून आबांचा आवाज आला. “बाई, तिला घरात कशाला वदवताय? वास्तू ऐकती.”

“काय ऐकते?”

“तथास्तु मनती की,” नंदाबाई जरा रागानंच म्हणाल्या. “घरात बसून वंगाळ बोललं की वास्तू मनती तथास्तु. तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय? तुमी बी घरंदाज दिसता.”

यशोधराताईंना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? त्यांच्या आईनं हेच सांगून त्यांना वाढवलं. ‘डबा संपला’ म्हणायचं नाही, ‘डबा वाढला’ म्हणायचं. ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. शाळेत मुलांना ही उदाहरणं त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं दिली होती. आणि आता भाषांतर करताना त्यांनी सरळ, शुद्ध, बिनचूक वाक्य लिहिलं होतं, जे कुठलाही शहाणा माणूस आपल्या घरात बसून उच्चारणार नाही.

तरी त्यांची मास्तरकी उसळलीच. “अहो, नुसतं म्हटल्यानं काही होत नसतं.”

“मग तुमी मना,” नंदाबाई म्हणाल्या.

“मी?”

“तुमीच लिवलंय न्हवं? हितं बसून मना. देवाच्या म्होरं.”

यशोधराताईंनी कागद उचलला. “पुढच्या काही वर्षांत मला...” एवढं झालं. पुढचा शब्द तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. त्यांनी घसा साफ केला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ‘मला’पर्यंत आल्या. देवळीतला देव त्यांच्याकडे बघत होता आणि वर कौलांकडे त्यांची नजर आपोआप गेली. शिव शिव म्हणून त्यांनी कागद खाली ठेवला.

“टाकू का आता चा?” नंदाबाईंनी विचारलं.

चहा यशोधराताईंनी दोन घोटांत संपवला. संदेशच्या भाड्याच्या जीपमध्ये बसल्यावर त्या सविताला एवढंच म्हणाल्या, “भाषांतरात खोट नाही गं. खोट नसणं हीच खोट आहे.”

डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले.

“बाई, तुम्ही विज्ञानाच्या गोष्टीत वास्तुपुरुषाला कुठे आणताय?”

“मी नाही आणला. तो तिथे आधीपासून बसलाय. तू त्याच्या घरात शिरून प्रश्न विचारतोयस.” त्या थांबल्या. “बरं, मला सांग. आज रात्री घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर आईसमोर मोठ्यानं म्हणशील? ‘पुढच्या काही वर्षांत मला...’”

“आई पान टाकून उठेल,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांचं हसू थोडं कमी झालं. “पण बाई, हे मी लेखात लिहू काय? मलयवाल्यांनी असलं काही लिहिलेलं नाही.”

“त्यांना त्यांच्या घरातलं काय ते ठाऊक. तू तुझं लिही. मावळात घरात बसून हे प्रश्न विचारले तर ‘नाही’ या उत्तराला अर्थ नाही. माणूस ‘मला होणार नाही’ असं म्हणत नसतो, ‘मला होऊ नये’ असं म्हणत असतो.”

डॉक्टरांनी पेन दोन बोटांत फिरवलं. मुदत संपत आली होती, समितीला अहवाल द्यायचा होता. “एक करू. त्याच लोकांना पुन्हा दोन वेळा विचारा. दोन्ही वेळा घराबाहेर. जुळलं तर तिन्ही राहतील. नाही जुळलं तर काढायचे, आणि मग माझ्याशी भांडायचं नाही.”

“मी कधी भांडले?”

डॉक्टर तारखा बघू लागले.

घराबाहेरची पहिली फेरी खाचरांच्या कडेनं, पाणवठ्यावर, दूध घालायच्या जागी पार पडली. माणसं मोकळी बोलली. एकीनं स्वतः होऊन सांगितलं की तिचा जावई सोमाटण्याच्या चौकात उभ्या उभ्या गेला, तेव्हापासून तिला रोज भीती वाटते. घरात मात्र या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. यशोधराताई हे ऐकत होत्या आणि त्यांना संताप येत होता. कुणावर ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी परतीचा पाऊस आला. सकाळपासून असा लागला की खाचरात कुत्रंसुद्धा दिसेना. तारीख पुढे ढकलता येईना. पंधरवडा म्हणजे पंधरवडा, असं संख्याशास्त्रवाल्यांनी बजावलं होतं. वाडीतली सगळी माणसं घरात, आणि यशोधराताई छत्री घेऊन नंदाबाईंच्या अंगणात, घरात पाऊल टाकायला तयार नाहीत.

“बाई, आत या. भिजताय,” आबा म्हणाले.

“आत येणार नाही. आबा, घर नाही पण डोक्यावर छप्पर आहे अशी जागा सांगा.”

“गोठ्यात बसा की. गोठा काय घर न्हाई.”

शेजारच्या शालनबाई पडवीतून म्हणाल्या, “न्हाई कसा? वास्तुशांतीला भटजीनं गोठ्यावर बी पानी शिंपाडलंय.”

“पानी शिंपाडलं मनून गोठ्याला तोंड फुटतंय व्हय?”

“आन् गाय हाय न्हवं आत. तिच्यात तेहतीस कोटी देव. घरात वास्तू एकदा मनंल तथास्तु. तितं तेहतीस कोटी येळा मनतील.”

“तुजी अक्कल गहाण पडलीया,” आबा म्हणाले, पण गोठ्याचा आग्रह त्यांनी सोडला.

देवळाच्या सभामंडपाबद्दल तर बोलायचीच सोय नव्हती. शाळेला कुलूप होतं, किल्ली गुरुजींच्या खिशात आणि गुरुजी लोणावळ्याला. वाडीच्या फाट्यावर संदेशची जीप उभी होती, कामशेतचं गिऱ्हाईक भरायची वाट बघत. यशोधराताई चिखल तुडवत तिथे गेल्या, मागोमाग सविता आणि शालनबाई.

“संदेश, तासभर तुझी जीप दे. एकेकाला आत बसवून चार शब्द विचारते.”

“बसा की बाई. चा बी सांगतो,” संदेश म्हणाला. मग त्याला शंका आली. “पर ते हार्टाचं इचारनार का?”

“हो.”

“मग उतरा. खिंड हाय म्होरं. देवी बसलीया हितं, दिसती न्हवं?” त्यानं काचेपाशी चिकटवलेल्या तसबिरीला हात लावून तो हात छातीला लावला. “गाडीत असलं बोललं तर परत कोन बसंल?”

“अरे, मग मी विचारू कुठे? धरणात उभी राहून?” यशोधराताईंचा आवाज चढला. पाठीवरून पाणी ओघळत होतं, कागद पिशवीत दमट झाले होते, आणि एका वाक्यासाठी अख्ख्या मावळात जागा नव्हती.

संदेशनं शांतपणे समोर बोट दाखवलं. एसटीचा निवारा. वरचा पत्रा अर्धा गंजलेला, भिंतीवर कोणा आमदाराच्या वाढदिवसाचा जुना फलक, आत एक सिमेंटचा बाक. “तितं बसा. ते सरकारचं हाय. सरकार कवा कुनाला तथास्तु मनतंय?”

शालनबाई हसल्या, संदेश हसला, सविताही हसली. यशोधराताईंना हसू आलं नाही, पण त्या निवाऱ्यात जाऊन बसल्या. सविता घरोघर फिरून एकेकाला बोलावून आणू लागली. पोती डोक्यावर घेऊन माणसं यायची, बाकावर टेकायची, उत्तरं द्यायची आणि जायची. कुणी कुरकुरलं, कुणी म्हणालं तिसऱ्यांदा नाही चौथ्यांदा विचारताय, येड लागलंय का, पण आली सगळी.

नंदाबाई शेवटी आल्या. फाट्यापर्यंत चढ आहे. बाकावर बसल्यावर त्या डावा हात उजव्या हातानं चोळत राहिल्या.

“पुढच्या काही वर्षांत मला...” यशोधराताईंनी सुरुवात केली.

“पटतं,” नंदाबाई म्हणाल्या. “तुमी वाचू नगा पुढं. पटतं.”

“वाचावं लागतं. माझ्या वयाच्या इतरांपेक्षा...”

“पटतं.”

“मला कधीतरी झटका येईल अशी...”

“पटतं. चारा आनताना हात भरून येतो. हितवर.” त्यांनी खांद्यापासून कोपरापर्यंत दाखवलं. “दोन म्हयने झालं. घरात कुनाला सांगू? सांगितलं तर घरातच सांगावं लागतंय.”

सविता लिहीत होती. तिनं तिसऱ्या विधानापुढे ‘पटतं’वर खूण केली आणि पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं.

“आता?” नंदाबाईंनी विचारलं.

“आता काय?”

“मी व्हय मनलं. आता पुढं काय करायचं?”

यशोधराताईंनी कागदाकडे बघितलं. प्रश्नावली तिथेच संपत होती. लोकांना जाण आहे का, एवढंच ती विचारत होती. जाण आहे म्हटल्यावर त्या माणसानं काय करायचं, याला तिच्यात एकही ओळ नव्हती. मूळ इंग्रजीतही नव्हती. यशोधराताईंनी इतके महिने शब्दाशब्दावर भांडण केलं होतं आणि या कोऱ्या पानाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

“चला माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “आत्ता. तळेगावला. डॉक्टर माझा विद्यार्थी आहे, तो नाही बघणार तर कोण बघणार?”

“आत्ता? लुगडं भिजलंय. बदलून येते घरी जाऊन.”

संदेशनं जीपमधून हॉर्न दिला. कामशेतला निघालो, येणार का, असं त्यानं हातानं विचारलं. नंदाबाई उठल्या, वाडीकडे दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“नगं,” त्या म्हणाल्या. “घरात गेले तर ह्यास्नी सांगावं लागंल कुटं चालले ते. मग परत न्हाई मनावं लागंल. अशीच येते.”

सवितानं आबांना निरोप द्यायचं कबूल केलं, तेही अंगणातूनच. खिंडीत संदेशनं देवीला हात जोडले, नंदाबाईंनी जोडले, आणि यशोधराताईंनीही.

नंदाबाईंचं काय निघालं ते लगेच कळलं नाही. तपासण्या झाल्या, गोळ्या लागल्या, चढ चालायचा नाही असं सांगितलं गेलं, आणि चारा आणायला महिपती आबा जाऊ लागले. प्रश्नांचं मात्र आठवड्यात कळलं. दोन्ही फेऱ्यांची उत्तरं जुळली होती. तिन्ही प्रश्न राहिले.

यशोधराताईंना डॉक्टरांनी अंतिम प्रत बघायला बोलावलं. छापील, नेटकी, मुखपृष्ठावर त्यांचं नाव. त्यांनी नाव न बघता शेवटचं पान उघडलं. तिथे विचारणाऱ्यांसाठी सूचना होती: ‘खालील तीन विधाने शक्यतो घराबाहेर विचारावीत.’

“हे ‘शक्यतो’ कुणी घातलं?”

“समितीनं. मूळ प्रश्नावलीत अशी सूचनाच नाही ना, बाई. सक्ती कशी करणार? म्हणून जरा सैल ठेवलं.”

“चिंतामणी, मराठीत ‘शक्यतो’चा अर्थ ‘नाही’ असा होतो. लग्नपत्रिकेवर ‘शक्यतो आहेर आणू नये’ लिहिलं की काय होतं? ढीग लागतो. उद्या कुणी विचारायला गेली, बाहेर ऊन असलं, घरात पंखा असला, चहा आला, की बसली आत. आणि मग तू लिहिशील, मावळात कुणालाच स्वतःची काळजी नाही.”

“आता छापून झालंय. बदलायचं तर परत समितीकडे पाठवावं लागेल. पुढची बैठक महिन्यानं.”

“पाठव.”

“एका शब्दासाठी?”

“मग मी दुसरं काय करते?”

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. यशोधराताईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि खुर्चीत मागे रेलून बसल्या. बाहेर शिपाई दुसऱ्या कुणाला तरी थांबायला सांगत होता. थोड्या वेळानं डॉक्टरांनी कीबोर्ड पुढे ओढला.

“घराबाहेर विचारावीत, एवढंच ठेवू?”

“घराबाहेर म्हटलं तर पडवी येईल. पडवीत बसून विचारतील.”

“मग उंबऱ्याबाहेर?”

“उंबऱ्याबाहेर म्हटलं तर ओटा आला. ओट्यावरनं ऐकू जातं आत.”

“बाई,” डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले, “मग तुम्हीच सांगा काय लिहू.”

“थांब जरा,” यशोधराताई म्हणाल्या, आणि डोळे मिटून शब्द शोधू लागल्या.